शीग नसलेले वर्ष

मी एक जुने पितळी मापटे आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल तर बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात, पेन खोचून ठेवलेले. त्यामुळे मी काय कामाचे, हे आधी सांगितले पाहिजे. मी अर्ध्या शेराचे माप. दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. तुमच्या किलोशी माझे पहिल्यापासून जमलेले नाही. किलो वजन बघतो, मी पोट बघते. माझ्यात मैदा भरा, पिठीसाखर भरा नाहीतर तूप भरा, मी भरते तेवढेच. पण काट्यावर ठेवले की दर वेळी आकडा निराळा. यात माझी लबाडी काही नाही. तूप जड असते आणि मैदा हलका, एवढेच.

ही गोष्ट त्या आकड्यांचीच आहे. ती चांगली संपत नाही, हेही आताच सांगून ठेवते.

माझा जन्म देवणीचा. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. घडवताना त्याचा हात जरा सैल सुटला आणि माझे तोंड इतर मापट्यांपेक्षा रुंद झाले. गिऱ्हाईक घेईना म्हणून मी बरेच दिवस दुकानात पडून होते. शेवटी दानम्माच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर दिले आणि मी तिच्यासोबत निलंग्याला आले. तोवर सरकारने आम्हा मापट्यांना बाजारातून हद्दपार केले होते. दुकानात किलो आले, पण घराघरात आमचे राज्य चालूच होते.

दानम्माचा नवरा गुरुलिंग याची बसस्टँडच्या मागच्या गल्लीत भट्टी होती. नानकटाईची भट्टी. आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. दिवाळी जवळ आली की बाया मैदा, साखर, डालडा असे घरचे सामान डब्यांत भरून भट्टीवर येतात आणि नानकटाई भाजून घेऊन जातात. सामान त्यांचे, जाळ आणि हात आपला. मजुरी थोडी, पण विश्वास मोठा लागतो. दुसऱ्याच्या घरातले तूप-साखर हातात घ्यायची म्हणजे गंमत नव्हे.

हा विश्वास दानम्माने माझ्यावर तोलला होता. समोरच्या ओट्यावर ती मांडी घालून बसे, मी तिच्या उजव्या हातात. चार मापटी मैदा, तीन मापटी पिठीसाखर, दोन मापटी तूप. साखर आणि तूप काठोकाठ. मैदा मात्र शीग लावून. शीग म्हणजे काय, ठाऊक आहे ना? काठापर्यंत भरल्यावर वर आणखी जो डोंगर उभा राहतो, ती शीग. माझे तोंड रुंद, त्यामुळे माझ्यावर शीगही दांडगी बसायची. ज्या तोंडामुळे मी दुकानात पडून राहिले, त्याच तोंडाचे दानम्माला कौतुक. पहिल्या मापाला ती कधी ‘एक’ म्हणाली नाही. ‘लाभ’ म्हणायची, मग दोन, तीन, चार. तिची नानकटाई फुलून वर यायची, डोक्यावर भेग पडायची आणि तोंडात टाकली की विरघळायची. देगलूरहूनही माणसे यायची, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पण खरे आहे ते.

आता तिच्या एका नेमाबद्दल सांगते. लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, या घरातही पाळत नव्हते. पण दानम्माने माहेरहून एक सवय आणली होती. घरातले माणूस गेले की वर्ष फिरेपर्यंत मापाला शीग लावायची नाही. भरायचे आणि बोटाने वरचा डोंगर कापून टाकायचा. शीग आनंदाची असते, असे तिची आई म्हणायची. गुरुलिंग वारला त्या वर्षी तिने मला रोज असेच कापले. पण ती काही वेडी नव्हती. शीग गेली की मैदा कमी पडतो, हे तिच्या हाताला कळत होते. म्हणून त्या वर्षी ती चाराऐवजी पाच मापटी घाली आणि वर दोन मुठी. नानकटाईला काही कळलेसुद्धा नाही. गिऱ्हाइकालाही नाही.

त्यानंतर बरीच वर्षे बरी गेली. मुलगा मल्लिनाथ भट्टीच्या तोंडाशी उभा राहू लागला. त्याची बायको महानंदा मागच्या बाजूला गोळे वळून ट्रेमध्ये लावायची. भिजवलेले पीठ तिच्याकडे तयार होऊनच यायचे. ओट्यावर माप कसे घातले जाते, हे बघायला तिला सवडच नसायची. मला ती घासायची मात्र मनापासून. चिंच लावून असे काही लखलखवायची की माझे मलाच भारी वाटायचे.

आणि मग पौषात मल्लिनाथ गेला. लातूरहून मैद्याची पोती बुक करून मोटरसायकलवर परत येत होता. दिवस मावळायच्या वेळी रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. मी अधिक सांगत नाही. लिंगायतांच्या रीतीने त्याला बसवून समाधी दिली आणि भट्टी विझली.

दानम्मा रडली नाही. ती घरात फिरायची, कामे करायची, पण हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. मला हे बघवत नव्हते. पितळेचे असले म्हणून काय झाले?

धाकटा मुलगा उमाशंकर लातूरला असतो, खाजगी नोकरीत. उन्हाळ्यात तो आला तेव्हा वजनाचा इलेक्ट्रिक काटा घेऊन आला. पांढरा, चपटा, मधे लाल आकडे. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. उमाशंकर मनाने वाईट नव्हता. आईला, म्हणजे दानम्माला, घरात सगळे अव्वा म्हणत. त्याने वहिनीला समोर बसवून सरळच सांगितले.

“वैनी, दिवाळीला भट्टी पेटवा. सीझन चांगला गेला तर ठेवू. न्हाई चालली तर पाडून गाळा काढू, भाडं तरी येईल. तुमचं आन अव्वाचं भागलं पायजे ना?”

“चालंल,” महानंदा म्हणाली. “का न्हाई चालायची? अव्वा हायेत की.”

“अव्वा किती दिस पुरणार? तिच्या हातातलं माप काट्यावर घेऊन ठेवा. ग्रॅममधी आलं की कुणालाबी करता येतं.”

बोलणे शहाणपणाचे होते, मी नाही म्हणत नाही. दुसऱ्याच दिवशी दोघी सासू-सुना काटा घेऊन बसल्या. दानम्माने चाळलेला मैदा माझ्यात भरला. वर डोंगर उभा राहिला. आणि तिच्या बोटाने, सवयीने, तो कापून टाकला. मल्लिनाथला जाऊन वर्ष कुठे झाले होते? ती म्हणाली, “एक.” लाभ नाही, एक.

महानंदाने मला उचलून काट्यावर ठेवले. माझे स्वतःचे वजन तिने आधीच वजा करून घेतले होते, हुशार पोर. “दोनशे साठ,” ती म्हणाली. मग साखर. “दोनशे नव्वद.” मग तूप. “बाई गं, साडेच्यारशे! मापटं तेच, आन बगा की अव्वा, किती फरक!”

“किती मापटी धरू?” तिने विचारले.

“मैदा च्यार. साखर तीन. तूप दोन,” दानम्मा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मित्रांनो, तिथे मी होते. एका शिगेचा जवळजवळ शंभर ग्रॅम मैदा जमिनीवरच्या कागदावर पडला होता, म्हणजे चार मापट्यांमागे चारशे, तो मला दिसत होता. दानम्माकडून सांगायचे राहून गेले की ती विसरली, मला कळले नाही. भट्टी पेटेल त्या दिवशी सांगू, असे तिच्या मनात असेल. माझ्या पोटात आवाज नाही. कुणी चमचा मारला तर वाजते, तेवढेच.

श्रावणात एका सकाळी दानम्मा पाणी तापवता तापवता कोसळली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून तिला घरी आणून खाटेवर झोपवले. काटा ओट्यावर गेला आणि मला महानंदाने खाटेसमोरच्या फळीवर ठेवले, दानम्माच्या गोळ्यांची पाकिटे ठेवायला. जे मापटे घराला पोसत होते, त्यात आता गोळ्या. मला राग आला नाही असे म्हणणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर भट्टी पेटली. पहिलीच आली साखराबाई. जुने गिऱ्हाईक, मल्लिनाथच्या बारशाच्याही आधीपासून इथूनच नानकटाई करून नेणारी. लेकीचा पहिला दिवाळसण, जावयाच्या घरी डबे भरून पाठवायचे होते. महानंदाने काट्यावर सगळे ग्रॅमला ग्रॅम मोजले, उरलेला मैदा परत डब्यात घातला, मन लावून भिजवले. ट्रे आत गेले. मी आतल्या खोलीत होते, पण वास आला तेव्हाच समजले. तूप जळायचा वास होता तो.

गोळे फुललेच नाहीत. तूप सुटून ट्रेभर पसरले, एकाला एक चिकटले, कडा काळ्या झाल्या. महानंदा उलथन्याने ते खरवडत होती आणि साखराबाई बघत उभी होती.

“आता मी लेकीच्या सासरी काय पाठवू गं?” ती म्हणाली.

“मावशी, जाळ जास्त झाला आसंल. म्या दुसरं करून देते. माझ्या घरचं सामान घालते.”

दुसरे केले. जाळ कमी ठेवला. तेही तसेच. मग डालडा बदलला, पीठ जास्त वेळ मुरवले, लाकडे बदलली. पसरायचे ते पसरतच राहिले. मजा बघा, तिने सगळे बदलून पाहिले, फक्त माप बदलले नाही. शेजारच्या एका बाईने म्हटलेसुद्धा, की मूठभर मैदा वाढवून बघ. महानंदा म्हणाली, “न्हाई. माप अव्वांचं हाय. त्याला म्या हात लावणार न्हाई.” इतकी निष्ठा. त्या निष्ठेनेच तिचा घात केला.

साखराबाई शेवटी डबे आवरून निघाली. ती भांडली असती तर बरे झाले असते. पण तिने महानंदाच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझा दोष न्हाई बाई,” ती हळूच म्हणाली. “मल्लिनाथ व्हता तवर या घराला बरकत व्हती. सणाचं गोड हाय, लेकीबाळींचं. हाताचा गुण आस्तो. तू मनाला लावून घिऊ नको.”

म्हणजे काय, हे महानंदाला कळले. तुम्हालाही कळले असेल. विधवेचा हात. दानम्माही विधवाच होती, पण तिची नानकटाई फुलत होती तोवर ते कुणाला आठवले नव्हते. निलंगा काही फार मोठे गाव नाही. साखराबाईने मायेने म्हटलेले दुसऱ्या दिवशी गल्लीत गेले, तिसऱ्या दिवशी बाजारात. बाया भट्टीच्या दारावरून डबे घेऊन जायच्या, चौकातल्या नव्या बेकरीकडे. काही जणी पदराने डबा झाकून जायच्या, जणू महानंदाला दिसू नये म्हणून. तिला सगळे दिसत होते.

ती दानम्माच्या खाटेजवळ येऊन बसली. “अव्वा, माझं काय चुकून राहिलं? सांगा की वो. सगळं बरूबर मोजते, तरी पसरून राहिलंय.”

दानम्माने डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवले. माझ्याकडे! मला वाटले, सुटलो आपण.

“आत्ताच दिली की गोळी,” महानंदा म्हणाली.

दानम्माने मान हलवली. डाव्या हाताची पाचही बोटे टोकाशी जुळवून तिने वर डोंगर करून दाखवला. पुन्हा पुन्हा दाखवला. महानंदा उठली, हातपाय धुऊन आली. सासूच्या गळ्यातले इष्टलिंग तिने सोडवले आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवले, पूजेला ठेवतात तसे. विभूती लावली, फूल वाहिले. तो डोंगर तिला लिंगाचा आकार वाटला, म्हणजे म्हातारीला पूजा करायची आहे. दानम्मा त्या लिंगाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “देवाला सांगून राहिल्या न्हवं? सांगा, सांगा,” असे म्हणत महानंदाही रडली. एका खोलीत दोन बाया एकाच गोष्टीसाठी रडत होत्या आणि एकीचे दुसरीला कळत नव्हते. माझ्या पोटात गोळ्यांची पाकिटे.

दिवाळी संपल्यावर उमाशंकर आला. त्याने काही विचारायच्या आत महानंदाच बोलली.

“पाडा भावजी. माझ्या हाताला गुण न्हाई. दुसऱ्याच्या घरचं कशाला नासवायचं?”

“आसं कसं म्हन्ता वैनी? एक डाव अजून बघा.”

“न्हाई. पाडा.”

भट्टी पाडायला फार वेळ लागला नाही. आतल्या विटा जळून इतक्या काळ्या झाल्या होत्या की विकत घ्यायलाही कुणी आले नाही. त्या जागी शटर बसले. आता तिथे मोबाइलचे दुकान आहे. महानंदाने कुणाच्या घरी लग्नकार्याला जायचे सोडले. कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतेच, आता ती पोळ्या लाटायलाही जाईना. आपला हात लागला की सणाचे नासते, हे तिने इतरांपेक्षा जास्त खरे मानले होते. मला सगळ्यात वाईट वाटले ते याचेच.

पौष आला. मल्लिनाथला वर्ष झाले. सकाळी जंगम स्वामी घरी आले, पूजा झाली. त्यांना पीठ-डाळ द्यायची म्हणून महानंदाने फळीवरून मला काढले, गोळ्या खाली ठेवल्या, मला धुतले. खाटेजवळच बसून तिने गव्हाचे पीठ माझ्यात भरले. वर्ष फिरले होते. तिच्या माहेरीही दानधर्माला शीग लावायचीच रीत, तिने सहज दोन्ही हातांनी वर डोंगर उभा केला आणि म्हणाली, “लाभ.”

दानम्माच्या गळ्यातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. पण महानंदाने दचकून वर पाहिले. दानम्मा डाव्या हाताची बोटे जुळवून डोंगर दाखवत होती. महानंदाने त्या बोटांकडे पाहिले, मग माझ्यावरच्या शिगेकडे, मग परत बोटांकडे.

स्वामींना वाटेला लावून ती आत आली. दिवाळीचा उरलेला मैदा डब्यात होता, तो चाळला. माझ्यात शीग लावून भरला. माळ्यावरचा काटा काढला, धूळ पुसली आणि मला त्यावर ठेवले.

लाल आकडे तीनशे साठवर थांबले.

मग तिने माझ्यातला मैदा परातीत ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ठेवला. तोच आकडा. मी कधी नव्हे ते त्या काट्याला मनातल्या मनात दुवा दिली.

“शीग व्हती,” ती म्हणाली. “अव्वा, शीग व्हती व्हय? माझा हात न्हवता?”

दानम्माने मान हलवली. नाही. हात नव्हता. मग महानंदाने सासूच्या अंगावर डोके टेकले आणि ती मोठमोठ्याने रडली. शटरच्या पलीकडे मोबाइलवर कुणी गाणे लावले होते.

तुम्हाला वाटेल, आता सगळे नीट झाले असेल. मलाही तसे वाटले होते. ती साखराबाईकडे गेली, मला हातात घेऊन. सगळे सांगितले. साखराबाई ऐकत राहिली आणि म्हणाली, “आगं हाव की. शीग तर दानम्मा लावायचीच. समोर बसून इतकी वर्सं बगितली म्या.”

“मग तवा का न्हाई सांगितलं, मावशी?”

साखराबाईने चहाचे आधण ठेवले. “तू इचारलंच न्हाईस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आता काय बाई, झालं ते झालं. भट्टी तर पाडली तुम्ही.” तिने चहा दिला. पुढच्या महिन्यात तिच्या घरी ओटीभरण होते. महानंदाला बोलावणे आले नाही. मैद्याचा हिशेब लोकांना पटतो, पण एकदा तोंडातून गेलेले परत घेणे त्यांना जड जाते.

त्यानंतर महानंदा मला रोज संध्याकाळी खाटेजवळ आणायची, पीठ भरायची, वर मोठी शीग लावून दानम्माला दाखवायची. म्हातारीच्या चेहऱ्याची चांगली असलेली बाजू हसायची. हे सुख थोडेच दिवस टिकले. गुढीपाडव्याच्या आधी दानम्मा गेली.

समाधी देऊन माणसे परतली. कुणीतरी स्वयंपाक करायला हवा होता. महानंदाने मला घेतले, पिठात बुडवले आणि हात सवयीने शीग लावून गेला. ती थांबली. तर्जनी काठावर ठेवली आणि काट्यावर मोजले त्या दिवशी दानम्माने कापला होता तसाच वरचा डोंगर कापून टाकला. किती पीठ खाली पडले, हे या वेळी तिला नीट माहीत होते. “एक,” ती म्हणाली.

मित्रांनो, काटा खोटे बोलत नाही. पण त्याच्यावर ठेवले तेवढेच तो सांगतो. कोणत्या दिवशी, कोणाच्या हाताने आणि कसल्या दुःखात ठेवले, हे त्याला विचारता येत नाही. ते माणसालाच विचारावे लागते, आणि त्याची वाचा शाबूत आहे तोवरच. तुमच्या घरात कुणी अंदाजाने, मुठीने, मापट्याने काही करत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. भरताना बघा, आणि कापताना का कापले, ते विचारा. आणि कुणाचे काही बिघडले तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी, तुम्ही जे पाहिले आहे ते त्याला सांगा. साखराबाईसारखे गप्प बसू नका.

मी त्याच फळीवर आहे. आता माझ्यात गोळ्या नाहीत. पुढच्या पाडव्यापर्यंत मला शीग लागणार नाही, आणि लागेल तेव्हा ती दाखवायला समोरच्या खाटेवर कुणी नसेल.